ओवीखाली नाव कुणाचे?

इतिहासावरच्या कोणत्याही धाग्याखाली पहिल्या दहा प्रतिक्रियांत एक प्रश्न हमखास येतो : ‘संदर्भ काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या तरुण वाचकांचे मला कौतुक वाटते. नाणे दाखवले तर ते कुठे सापडले हे आपण विचारतो. ताम्रपट दाखवला तर दान देणारा कोण, घेणारा कोण, तिथी कोणती, हे विचारतो. बखरीतला मजकूर दिला तर ती बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली गेली, याचा हिशेब मांडतो. पण त्याच समूहात कुणी जात्यावरची एखादी ओवी टाकली, की खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते, ‘किती गोड’ असे लिहिले जाते आणि संदर्भ मात्र कुणीही मागत नाही. ही ओवी कुणी म्हटली, कोणत्या गावी, कोणत्या साली? ‘पारंपरिक’ हा एक शब्द लिहिला की सर्वांचे समाधान होते.

या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आज लिहायचे आहे. धागा लांबेल. जात्यापासून निघून तो स्कॉटलंडच्या बेटांवर आणि मिसिसिपीच्या तुरुंगात जाईल आणि पुन्हा जात्यापाशी येईल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो : कामाचे गाणे मुळात अनामिक नसते, आपण ते अनामिक करतो.

प्रथम जाते म्हणजे काय हे समजून घेऊ, कारण आज विशीत असलेल्या बहुतेकांनी ते लग्नात हळद दळतानाच पाहिले असेल. दोन वाटोळे दगड, खालचा स्थिर आणि वरचा फिरता. वरच्या दगडाला लाकडी खुंटा आणि मधोमध तोंड. त्या तोंडात मूठ मूठ दाणे वैरायचे आणि खुंटा धरून दगड फिरवायचा. दगड गुळगुळीत झाला की दाणे नुसतेच भरडले जातात, म्हणून टाकी लावणाऱ्याकडून तो पुन्हा खरबरीत करून घ्यायचा. घर मोठे असेल तर रोजचे दळणही मोठे. पहाटे सगळे निजलेले असताना उठायचे आणि दिवस उजाडण्यापूर्वी पीठ तयार ठेवायचे. बहुधा दोघी समोरासमोर बसत, सासू-सून किंवा जावा-जावा. एकाच खुंट्यावर चार हात. एकीने ओढले की दुसरीने लोटायचे. हा मेळ चुकला की खांदे भरून येतात आणि पीठही जाडेभरडे पडते. ओवी इथे कामाला येत असे. एकीने चरण उचलायचा, दुसरीने तो झेलायचा आणि दगडाच्या फेऱ्याबरोबर श्वास सांभाळायचा. चाल अशी की दमलेल्या छातीलाही पेलावी.

कार्ल ब्यूशर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये श्रम आणि लय यांवर एक ग्रंथ लिहिला. काव्य आणि संगीत यांचे मूळ सामूहिक श्रमाच्या लयीत आहे, असा त्याचा दावा होता. दावा ताणलेला आहे. अंगाईगीत किंवा मृत्यूनंतरचा विलाप कोणत्या अवजाराच्या लयीतून आला असेल? तरीही त्याने एक गोष्ट अचूक हेरली होती. सामान्यांच्या दैनंदिन जीवनात गाणे हे पुष्कळदा ऐकण्याची वस्तू नसून हाताशी असलेले एक साधन होते, जसा कोयता किंवा दोर.

ओवी किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत आणि हत्तींपासून संगीतापर्यंत सगळ्यांचा परामर्श घेतो. त्यात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. ओवीची ही नोंद त्याहून सुमारे दीडशे वर्षे आधीची ठरते. मराठीतल्या सर्वांत मान्यवर ग्रंथाने ज्या छंदाचा आधार घेतला, तो त्याआधी उखळाशी आणि मुसळाशी नांदत होता. राजाच्या ग्रंथाने छंदाची नोंद केली, प्रदेशाची केली, कामाचीही केली. गाणाऱ्यांपैकी एकीचेही नाव त्यात नाही. बाराव्या शतकातल्या राजाकडून तशी अपेक्षाही नाही. पण विसाव्या शतकातल्या अनेक संग्राहकांनी तरी कुठे वेगळे केले?

जनाबाई याला अपवाद. दळण-कांडण तिच्या अभंगांत जागोजागी आहे, विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागल्याची कथा सर्वज्ञात आहे आणि पंढरपुराजवळ गोपाळपुरात तिचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. संतकवींमध्ये रचनेच्या शेवटी आपले नाव गुंफण्याची रीत होती. त्यामुळे नामदेवाच्या घरची ही दासी सात शतकांनंतरही नावानिशी आपल्यासमोर उभी आहे. त्याच पहाटे शेजारच्या घरी दळणाऱ्या बाईने ओवीत भावाचे नाव घातले, लेकाचे घातले, माहेरच्या गावाचे घातले, स्वतःचे क्वचितच.

त्या ओव्यांत असते तरी काय? भावाची वाट पाहणे आहे, आईची आठवण आहे, पंढरीची वारी आहे. आणि जे दिवसाउजेडी बोलता येत नाही तेही आहे. सासरचा जाच, नवऱ्याचा मार, मुलगी म्हणून जन्मल्याची खंत. रामाचे गुण गाणाऱ्या ओव्या आहेत आणि गर्भवती सीतेला वनात धाडल्याबद्दल त्याच रामाला जाब विचारणाऱ्याही आहेत. आपला सासुरवास हा सीतेच्या सासुरवासाचाच वाटा, असे या बायका मानतात. जात्याच्या घरघरीआड हे सारे म्हणता येत असे. कुणी ऐकलेच, तर ती आपली दळताना गात होती! गाण्यात म्हटलेल्या शब्दाबद्दल माणसाला सहसा धारेवर धरत नाहीत, ही सवलत जगभरच्या दुबळ्यांनी ओळखली होती. तिचा पुरेपूर उपयोग कसा करायचा हे मराठी बाईला जात्याने शिकवले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे कान टवकारायला हवेत. मराठ्यांच्या राजकारणाचे हजारो कागद आपल्याकडे आहेत. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्याही सामान्य शेतकरी स्त्रीला आपल्या आयुष्याबद्दल काय वाटत होते, याचे कागद जवळजवळ नाहीत, कारण तिला लिहिता येत नव्हते. ओवी हाच तिचा दफ्तरखाना आहे. आणि दफ्तरातल्या कागदावर कर्त्याचे नाव, स्थळ आणि तिथी नसेल, तर त्याचे मोल किती उतरते हे या समूहातल्या वाचकांना मी सांगायला नको.

हे ओळखून काम करणारी माणसे पुण्यात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन ओव्या लिहून घेतल्या. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्या एक हजाराहून अधिक गावांतल्या आहेत. १९९० च्या दशकात बर्नार बेल या संगीत-अभ्यासकाच्या साहाय्याने त्यांतल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. आज हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतो. आकडा थक्क करणारा आहेच. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती नोंदीची पद्धत : ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज तिथे आहे आणि तो ‘एक ग्रामीण स्त्री’चा आवाज म्हणून नाही, गंगुबाई अंबोरे यांचा आवाज म्हणून आहे. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. गाणारी कोण, कोणत्या गावची आणि कोणत्या वस्तीतली, हे कळल्यावाचून या ओव्यांचा अर्थ नीट लागेल का? ‘पारंपरिक’ हे लेबल लावून पाहा, म्हणजे किती काय पुसले जाते ते दिसेल.

आता एक आक्षेप. ‘जाते गेले आणि घरातले गाणे गेले’ अशी हळहळ दर काही दिवसांनी समाजमाध्यमांवर फिरते. ती लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांनी कधी पायलीभर ज्वारी दळलेली नसते. माझ्या मते जाते गेले ते फार बरे झाले. पिठाची गिरणी गावात आली आणि बाईला पहाटेची झोप मिळाली. ओवीचे सौंदर्य त्या कष्टाचे समर्थन होऊ शकत नाही. गाणे ऐकू आले म्हणजे गाणारा सुखात आहे, हा गैरसमज जुना आहे. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात त्याचा समाचार घेतला आहे. गुलाम गातात म्हणजे ते समाधानी आहेत, असे उत्तरेतले लोक म्हणतात हे ऐकून आपण चकित झालो, असे तो सांगतो. गुलाम सर्वांत जास्त गातात ते सर्वांत दुःखी असताना, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता. गाणे जपायचे असेल तर ते ज्या कष्टातून आले त्या कष्टाचीही नोंद हवी. गोडवा तेवढा उचलून घेणे हा अप्रामाणिकपणा आहे.

मराठी मुलखाबाहेरही हेच चित्र दिसते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर हातमागावरचे लोकरी कापड घट्ट आणि उबदार करण्यासाठी ते ओले करून फळीवर आपटावे लागे. इंग्रजीत या कामाला ‘वॉकिंग’ म्हणतात. चालण्याशी त्याचा संबंध नाही. साठवून आंबवलेल्या मूत्रात भिजवलेले जड कापड, लांब फळीभोवती बसलेल्या दहा-बारा बायका, आणि कापड आपटत आपटत सूर्याच्या दिशेने पुढे सरकवत नेणे. वास कसा असेल याची कल्पना करा, मग त्या गाण्यांना ‘रम्य’ म्हणण्याचे धाडस होणार नाही. एकीने गेलिक भाषेतली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थहीन अक्षरांचे पालुपद उचलायचे. कापड किती आटले ते मध्ये मध्ये मोजून पाहायचे आणि हवे तर आणखी गाणी म्हणायची. एका बैठकीत एकच गाणे पुन्हा म्हणणे अशुभ मानत, त्यामुळे साठा मोठा लागे. त्या साठ्यात सतराव्या शतकातल्या लढाया, बुडालेले प्रियकर आणि फसवलेल्या मुली सापडतात, आणि त्या कथा बाईच्या तोंडून येतात. कुळांच्या इतिहासात पुरुष योद्धे आहेत. त्या योद्ध्यांच्या मागे राहिलेल्या बायका या फळीवर आहेत.

मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन तरुणी १९२९ मध्ये साउथ युइस्ट या बेटावर राहायला आली. पेगी आणि मेरी मॅक्रे या दोन बहिणींच्या छोट्या घरात ती सहाएक वर्षे राहिली, त्यांच्याबरोबर कामे केली आणि गाणी स्वरलिपीसह टिपली. १९५५ मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात गाणे कुणाकडून मिळाले ते तिने सांगितले आहे. पाहुणचार घेऊन पुस्तक स्वतःच्या नावावर काढणारे पुष्कळ असतात. तिनेही पुस्तक स्वतःच्या नावावर काढले, पण गाणाऱ्यांची नावे खाल्ली नाहीत.

तेथेही यंत्र आले आणि फळीवरची गाणी थांबली. कारखान्यात माणसे गात नाहीत. यंत्राच्या आवाजात ते जमतही नाही. मग मालकांना आणि सरकारांना वाटू लागले की कामगारांना संगीत पुरवावे. जून १९४० मध्ये, युद्ध पेटलेले असताना, बीबीसीने कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला. या कार्यक्रमातून ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे गाणे वगळावे लागले. त्यात टाळ्यांच्या जागा आहेत आणि त्या आल्या की कामगार हातातले काम सोडून टाळ्या वाजवत किंवा अवजारे आपटत! उत्पादन वाढवण्यासाठी आणलेल्या संगीताने उत्पादन थांबवले. हा प्रसंग मला फार आवडतो. हातांना अजून आठवत होते की लय त्यांची असते.

तरुण वाचकांना जवळचे उदाहरण हवे असेल तर जानेवारी २०२१ आठवा. टाळेबंदीत नेथन एव्हन्स या स्कॉटिश पोस्टमनने टिकटॉकवर ‘वेलरमन’ गायले आणि जगभरचे लोक आपापल्या खोल्यांतून त्यात सूर मिसळू लागले. सगळ्यांनी त्याला ‘सी शँटी’ म्हटले. शँटी म्हणजे शिडाच्या जहाजावर दोर ओढताना किंवा नांगर उचलताना म्हणायचे गाणे. ‘वेलरमन’ काटेकोर अर्थाने तसे नाही. ते न्यूझीलंडच्या देवमाशांच्या शिकारीशी निगडित गाणे आहे आणि नावामागे ओटागोला शिकारीचे ठाणे उभारणारे वेलर बंधू आहेत. मालकाचे नाव गाण्याच्या शीर्षकात अमर झाले. गाणे रचणाऱ्या खलाशाचे नाव मात्र कुणालाही ठाऊक नाही.

आणि आता मिसिसिपीचा तुरुंग. पार्चमन ही तिथली कुप्रसिद्ध तुरुंग-शेती. कृष्णवर्णीय कैद्यांच्या टोळ्या तिथे झाडे तोडत, कापूस वेचत. कुऱ्हाडी एकाच ठेक्यात पडाव्या लागत, नाहीतर शेजाऱ्याच्या पायावर घाव बसायचा. गाण्याचा आणखी एक उपयोग होता. सगळ्यांचे घाव एका लयीत पडू लागले की मागे पडणारा, थकलेला माणूस पहारेकऱ्याला वेगळा दिसत नसे. लय म्हणजे दुबळ्यासाठी आडोसा. अॅलन लोमॅक्सने १९४७-४८ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये तिथे ध्वनिमुद्रण केले. १९५९ मध्ये लाकडे फोडणाऱ्या एका टोळीचे गाणे त्याने टिपले. पुढाकार घेऊन गाणाऱ्याचे नाव त्याने नोंदवले : जेम्स कार्टर.

एक्केचाळीस वर्षे गेली. २००० साली कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या चित्रपटाच्या आरंभी ते मुद्रण वापरले गेले. चित्रपटाच्या गाण्यांचा संच लाखोंनी खपला आणि २००२ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संचाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. लोमॅक्सचा संग्रह सांभाळणाऱ्यांनी कार्टरचा शोध घेतला. तो शिकागोत सापडला. आता वृद्ध झालेल्या त्या माणसाला ते गाणे गायल्याचे आठवतही नव्हते. त्याच्या हाती सुमारे २०,००० डॉलरचा धनादेश ठेवला गेला. पुढच्याच वर्षी तो वारला.

ही कथा सुखान्त म्हणून सांगितली जाते. मला ती अर्धीच सुखान्त वाटते. त्या मुद्रणावर गायकांचे नाव कसे छापले आहे पाहा : ‘जेम्स कार्टर आणि कैदी’. एक नाव लिहिले गेले म्हणून एक माणूस सापडला. ज्यांच्या कुऱ्हाडींचा ठेका तुम्हाला त्या गाण्यात ऐकू येतो ते सगळे ‘आणि कैदी’ या दोन शब्दांत गडप झाले. त्यांना शोधणार कसे?

कुणी म्हणेल, लोकगीत सामूहिकच असते. त्याला एक कर्ता शोधणे ही आधुनिक, बाजारू सवय आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. ओवीतला एक चरण दहा गावांत आढळतो, प्रत्येकीने त्यात आपले काही जोडलेले असते आणि पहिली कोण हे सांगता येत नाही. मीही स्वामित्वहक्काची भाषा करत नाही. पण कर्ता ठाऊक नसणे ही एक गोष्ट आणि गाणारी समोर बसलेली असताना तिचे नाव न लिहिणे ही दुसरी. पहिली नाइलाजाची, दुसरी आळसाची. आणि तिच्यात थोडा जातीचा, थोडा पुरुषी अहंकारही मिसळलेला आहे. शिलालेख कोरणाऱ्या कारागिराचे नाव सापडले तर आपण आनंदाने उड्या मारतो. आजोबांच्या पोवाड्याखाली शाहिराचे नाव छापतो. आजीच्या ओवीखाली ‘पारंपरिक’ लिहितो.

हे मी दुसऱ्यांना शिकवतो आहे असे समजू नका. आमच्या अंगणात तुळशीजवळ आजीचे जाते पडून आहे, पावसाचे पाणी त्यात साचते. ती जिवंत असेपर्यंत मी गडकोटांच्या टिपणवह्या भरत होतो आणि तिला एकदाही विचारले नाही. ती काय गात असे, हे आता घरात कुणालाही सांगता येत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत गावातल्या एका आजींकडे गेलो. नव्वदीकडे झुकलेल्या, कान थोडे जड. मोबाइल समोर ठेवला आणि ओवी म्हणायला सांगितली. म्हणाल्या, ‘जात्याबिगर न्हाई आठवायचं रं.’ जाते आता घरात नव्हते. थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांचा उजवा हात मांडीशेजारी हवेतच गोल फिरू लागला आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी आली. पाऊण तासात एकोणीस झाल्या.

शेवटी मी वही काढून नाव विचारले. त्या संशयाने पाहू लागल्या. ‘माझं नाव कशाला? रेशनचं हाय का काही?’ तसे काही नाही, ओव्यांखाली लिहायचे आहे, असे सांगितल्यावर बराच वेळ हसल्या. मग विचारले, ‘कंचं सांगू? म्हायेरचं का सासरचं? लग्नात बदललं की त्यांनी.’

दोन्ही लिहून घेतली.